वापरलेला मोबाईल-लॅपटॉप ऑनलाइन विकला आणि घेणाऱ्याने खोटी तक्रार टाकली, तर काय करायचं

फोन असो, लॅपटॉप असो, ग्राफिक्स कार्ड नाहीतर कॅमेऱ्याची लेन्स, तक्रारीचा साचा ठरलेला असतो. वस्तू चालू स्थितीत गेलेली असते. ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसून दोन-चार दिवस झालेले असतात. मग एके सकाळी नोटिफिकेशन येतं: 'आयटम नॉट ॲज डिस्क्राइब्ड', म्हणजे वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. पैसे अडकतात. विकणारा तावातावाने चार परिच्छेद लिहितो, त्यात घेणाऱ्याला चोर म्हणतो, आणि तिथेच अर्धी केस घालवून बसतो.

राग येणं साहजिक आहे, पण साइटवर किंवा बँकेत केस बघणाऱ्या माणसाने तुमची वस्तू पाहिलेली नसते आणि पुढेही तो ती पाहणार नाही. त्याच्यासमोर लिस्टिंग (विक्रीसाठी टाकलेली जाहिरात), फोटो, मेसेज आणि ट्रॅकिंग एवढंच असतं. तुमचा प्रामाणिकपणा त्याला दिसत नाही. 'अमुक सीरियल नंबरची वस्तू अमुक तारखेला चालू होती आणि याच पार्सलमधून गेली' हे मात्र त्याला दाखवता येतं. खाली जे काही सांगतोय ते एवढं एक वाक्य सिद्ध करण्यासाठी आहे.

तक्रार कुठून आली ते आधी बघा

एकाच व्यवहारावर तीन वेगळ्या दारांतून तक्रार येऊ शकते, आणि तिन्हींचे नियम आणि मुदती निराळ्या असतात. पहिलं दार म्हणजे ज्या साइटवर विकलं ती साइट. ईबेवर घेणाऱ्याला डिलिव्हरीपासून ३० दिवसांत तक्रार करता येते. ती आली की विकणाऱ्याकडे कामाचे ३ दिवस असतात, त्यानंतर घेणारा ईबेला मध्ये बोलावू शकतो. लिस्टिंगमध्ये 'नो रिटर्न्स' लिहिलं होतं हा मुद्दा इथे चालत नाही. मन बदललं म्हणून परत करणाऱ्यालाच ती ओळ अडवते, 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हणणाऱ्याला नाही. नेमकं म्हणूनच मन बदललेला माणूससुद्धा दुसरंच कारण निवडतो. शिवाय त्या कारणाखाली परत पाठवण्याचा खर्चही विकणाऱ्यावर पडतो.

दुसरं दार पैसे पोचवणाऱ्या सेवेचं. पेपॅलवर पैसे दिल्यापासून १८० दिवस डिस्प्यूट, म्हणजे विकणाऱ्याशी वाद, उघडता येतो. उघडल्यावर २० दिवसांत तो क्लेममध्ये (पेपॅलनेच निकाल द्यावा या मागणीत) बदलला नाही तर आपोआप बंद होतो. पेपॅलचं 'सेलर प्रोटेक्शन' विकणाऱ्याला वाचवतं असं बरेच जण धरून चालतात. वस्तू पोचलीच नाही किंवा खातेदाराच्या परवानगीशिवाय पैसे गेले, अशा तक्रारींना ते लागू होतं. 'वर्णनाप्रमाणे नाही' ही तक्रार त्याच्या बाहेर आहे, तिथे तुमचे पुरावेच कामाला येतात.

तिसरं दार कार्ड देणाऱ्या बँकेचं, म्हणजे चार्जबॅक: घेणारा बँकेकडे तक्रार करतो आणि बँक कार्डावरून गेलेले पैसे परत ओढते. व्हिसाच्या नियमांत 'वर्णनाप्रमाणे नाही किंवा सदोष माल' याला १३.३ हा स्वतंत्र कोड आहे आणि मुदत साधारण १२० दिवसांची असते. म्हणजे साइटवर तुम्ही जिंकलात तरी विषय तिथे संपेलच असं नाही.

नोटिफिकेशन आल्या आल्या कोणतं दार, कोणतं कारण आणि उत्तराची शेवटची तारीख कोणती, या तीन गोष्टी टिपून ठेवा. मुदत चुकवून हरलेल्या केसेस पुराव्याअभावी हरलेल्यांपेक्षा जास्त चीड आणतात, कारण हातात सगळं असूनही उपयोग होत नाही.

खरंच खोटी आहे का?

ही पायरी कुणाला आवडत नाही, पण ती गाळू नका. पुष्कळ तक्रारी लबाडीच्या नसतात. प्रवासात हादरे बसून रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून जरासं उचललं जातं आणि कॉम्प्युटर सुरूच होत नाही. फोनची बॅटरी वाटेत पूर्ण उतरते. अशा फोनला चार्जर लावल्यावरही काही वेळ स्क्रीन काळीच राहते, आणि घेणारा दोन मिनिटांत 'डेड' ठरवून मोकळा होतो. ग्राफिक्स कार्डची पॉवर केबल नीट बसलेली नसते, मॉनिटरची वायर कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असते. थंड गाडीतून उबदार खोलीत आलेल्या लेन्सवर बाष्प धरतं आणि तिला 'बुरशी लागलीय' असा फोटो येतो.

म्हणून पहिले प्रश्न तांत्रिक विचारा. मूळ चार्जरने अर्धा तास चार्ज करून पाहिलं का? कोणत्या मदरबोर्डवर, किती वॅटच्या पॉवर सप्लायवर लावलं? स्क्रीनवर नेमका काय मजकूर येतो? खरा अडचणीतला माणूस उत्तर देतो, फोटो पाठवतो, बऱ्याचदा त्यातूनच प्रश्न सुटतो. ज्याला फक्त पैसे हवेत तो 'चालत नाही म्हटलं ना' यापुढे सरकत नाही. ती टाळाटाळही साइटच्या मेसेजमध्ये लेखी राहते, आणि पुढे उपयोगी पडते.

लबाडीच्या खुणा तशा ओळखीच्या आहेत. दोषाचं वर्णन मोघम असतं. सीरियल नंबरचा फोटो मागितला की विषय बदलतो. साइट सोडून व्हॉट्सॲपवर या, असा आग्रह असतो. आणि दोष सांगायच्या आधीच रक्कम सांगितली जाते: एवढे परत करा, मी वस्तू ठेवतो.

पहिलं उत्तर

उत्तर साइटच्या मेसेजमधूनच द्या. फोनवर बोललात तर नंतर दोन ओळींत 'आपलं असं बोलणं झालं' म्हणून तिथे टाका. आरोप नको, विशेषणं नकोत, टोमणे तर अजिबात नकोत. असं काहीसं लिहिता येईल:

'नमस्कार. अडचण झाली त्याबद्दल वाईट वाटलं. हा लॅपटॉप पाठवण्यापूर्वी १२ तारखेला चालू स्थितीत तपासला होता, त्याचा व्हिडिओ सीरियल नंबरसह माझ्याकडे आहे. कृपया तीन गोष्टींचे फोटो पाठवा: खालच्या बाजूचा सीरियल नंबर, स्क्रीनवर दिसणारा दोष, आणि आलेला खोका बाहेरून. खोका आणि आतलं पॅकिंग टाकून देऊ नका, कुरिअरकडे नुकसानीचा दावा करायचा झाल्यास ते लागेल. वस्तू पाठवली तशीच परत आली तर पूर्ण रक्कम साइटमार्फत परत मिळेल.'

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. लोकांना ते शरणागतीसारखं वाटतं. पण ज्या साइटवर रिटर्न नाकारल्यास जवळजवळ नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने निकाल लागतो, तिथे नाकारून काय मिळतं? कधी कधी तर पैसेही जातात आणि वस्तूही त्याच्याकडेच राहते. परत घ्यायची तयारी दाखवली की ज्याला वस्तू ठेवून पैसे उकळायचे होते त्याची पंचाईत होते. 'पाठवली तशीच' हे शब्द मात्र विसरू नका.

'थोडे पैसे परत द्या, मी ठेवतो'

स्क्रीनवर बारीक चरा आहे, बॅटरी लवकर उतरते, रंग फोटोपेक्षा वेगळा आहे, तेव्हा तीस टक्के परत करा म्हणजे तक्रार मागे घेतो. दोष खरा असेल आणि लिस्टिंगमध्ये लिहायचा राहून गेला असेल तर वाजवी रक्कम देऊन विषय संपवणं शहाणपणाचं. बाकी वेळी घासाघीस सुरूच करू नका. 'पंधरा टक्के देतो' म्हटलं की वस्तूत दोष होता हे तुम्ही लेखी कबूल केल्यासारखं होतं, आणि तोच मेसेज केस बघणाऱ्याच्या टेबलावर जातो.

वाईट रेटिंगची धमकी देऊन पैसे मागणं ईबेच्या नियमांत बसत नाही. तसा मेसेज आला की त्याच वेळी साइटकडे रिपोर्ट करा. उलट वाईट रेटिंग देऊन उट्टं काढायचा विचार असेल तर तो सोडा. ईबेवर २००८ पासून विकणाऱ्याला घेणाऱ्याबद्दल नकारात्मक फीडबॅक देताच येत नाही.

रिटर्न येतो तेव्हा

खरी चोरी होते ती इथे. तुम्ही पाठवलेला चांगला फोन त्याच्याकडे राहतो आणि त्याचा त्याच मॉडेलचा फुटका फोन तुमच्याकडे येतो. किंवा लॅपटॉप तोच असतो, पण १६ जीबीच्या जागी ४ जीबी रॅम बसवलेली असते. ग्राफिक्स कार्डात तर वरचं पंख्याचं कवच स्टिकरसकट तुमचं आणि आतला सर्किट बोर्ड दुसऱ्याच मेलेल्या कार्डाचा, इथपर्यंत मजल जाते.

पार्सल आलं की लगेच फोडू नका. मोबाईल स्टँडला लावा आणि न थांबवता एकच व्हिडिओ घ्या: आधी लेबल आणि ट्रॅकिंग नंबर, मग खोक्याच्या सहाही बाजू आणि टेप, मग वजनकाट्यावर खोका, मग टेप कापणं, मग वस्तू हातात, सीरियल नंबर जवळून, आणि शेवटी चालू करून. मध्ये कट आला की व्हिडिओचं वजन अर्धं होतं. खोका आधीच फाटलेला किंवा ओला दिसला तर डिलिव्हरी करणाऱ्यासमोरच फोटो घ्या आणि पोच देताना तसा शेरा लिहा.

वजन हा सगळ्यात दुर्लक्षित पुरावा आहे. पाठवताना कुरिअरच्या पावतीवर २.३५ किलो होतं आणि परतीच्या नोंदीत ०.६ किलो आहे, तर त्यात कुणाचं मत आड येत नाही. खोक्यात वस्तूच्या जागी भलतंच भरून पाठवणारे वजन जुळवायची तसदी क्वचितच घेतात. त्यामुळे दोन्ही पावत्या जपून ठेवा, स्कॅन करून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत फिकी पडते.

फोनसाठी आणखी दोन गोष्टी. बऱ्याच फोनमध्ये सिम ट्रेच्या खाचेत पाण्याचा स्पर्श दाखवणारी बारीकशी पट्टी असते. आयफोनमध्ये ती पांढरी किंवा चंदेरी असते आणि पाणी लागलं की पूर्ण लाल होते. पाठवताना टॉर्चच्या उजेडात तिचा फोटो काढलेला असेल, आणि परत आल्यावर ती लाल असेल, तर पाणी कोणाच्या ताब्यात असताना लागलं हे वेगळं सांगावं लागत नाही. दुसरी गोष्ट लॉकची. आयफोनमध्ये २०१३ पासून ॲक्टिव्हेशन लॉक आहे, अँड्रॉइडमध्ये ५.१ या आवृत्तीपासून रीसेटनंतरही जुनं गुगल खातं मागणारं संरक्षण आहे. घेणाऱ्याने स्वतःचं खातं न काढता फोन परत पाठवला, तर तुमच्या हातात चालू न होणारी वस्तू येते. म्हणून रिटर्न मान्य करतानाच लिहा: 'पाठवण्यापूर्वी आपलं खातं फोनमधून काढा, लॉक असलेला फोन मूळ स्थितीत परत आला असं धरता येणार नाही.'

ईबेवर परत आलेली वस्तू तपासून पैसे देण्यासाठी कामाचे २ दिवस मिळतात. वस्तू बदललेली निघाली तर त्या दोन दिवसांतच साइटला कळवा. 'नंतर बघू' म्हणून ठेवलं की पैसे आपोआप वळते होतात.

रिटर्नचं ट्रॅकिंग 'पोचलं' दाखवतं आणि तुमच्याकडे काहीच आलेलं नाही, असंही होतं. तुमच्याच गावातल्या भलत्याच पत्त्यावर रिकामं पाकीट पाठवायचं आणि तो ट्रॅकिंग नंबर केसमध्ये टाकायचा, ही जुनी युक्ती आहे. ट्रॅकिंगच्या पानावर गाव दिसतं, घराचा पत्ता दिसत नाही, हीच त्यातली फट. कुरिअरकडून नेमका पत्ता, वजन आणि सही यांचा लेखी खुलासा मागा. तो केसला जोडला की खेळ उघडा पडतो.

पैसे परत कसे करायचे

ज्या वाटेने आले त्याच वाटेने, केसच्या आतूनच. घेणारा म्हणेल कार्ड बंद झालंय, दुसऱ्या खात्यावर टाका. टाकू नका. बाहेरून दिलेले पैसे साइटला आणि बँकेला दिसत नाहीत. पुढे चार्जबॅक आला तर तीच रक्कम दुसऱ्यांदा जाते. रिफंड झालेला असूनही चार्जबॅक आला, तर उत्तरात रिफंडचा संदर्भ क्रमांक आणि तारीख एवढंच द्या. गोष्ट सांगत बसायची गरज नाही.

बँकेला पाठवायच्या उत्तराबद्दल एक सुचवेन. ते वाचणाऱ्याला तुमच्या प्रकरणाला फार वेळ देता येत नाही. वर तारीखवार पाच-सहा ओळी, खाली क्रमांक घातलेले फोटो, आणि घेणाऱ्याच्या मेसेजमधली ती एकच ओळ जिथे तो स्वतःच्या म्हणण्याच्या विरुद्ध बोलला आहे. 'फोन छान आहे, थँक्यू' असा डिलिव्हरीच्या दिवशीचा मेसेज असेल तर तो सगळ्यात वर.

केस हरलात तर साइटवर अपील असतं का ते पाहा. ईबेवर केस बंद झाल्यापासून ३० दिवसांत करता येतं. अपिलात तेच मुद्दे जास्त रागाने लिहून काही होत नाही, नवा कागद लागतो: कुरिअरचं पत्र, पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची प्रत, उघडतानाचा व्हिडिओ. सूड म्हणून गेलेला फोन 'चोरीला गेला' असं कळवून त्याचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) ब्लॉक करायचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका. विकलेल्या वस्तूबद्दल चोरीची खोटी तक्रार केली की गुन्हा तुमच्याकडून घडतो.

पुढच्या वेळी पाठवण्याआधी

वरचं सगळं तेव्हाच चालतं जेव्हा पाठवण्याआधीचे पुरावे असतात. ते नंतर तयार करता येत नाहीत.

लिस्टिंगपासून सुरुवात करा. 'एकदम नव्यासारखा, काही प्रॉब्लेम नाही' हे वाक्य विकणाऱ्याच्याच अंगाशी येतं, कारण त्यावर कोणताही ओरखडा 'वर्णनाप्रमाणे नाही' ठरतो. त्यापेक्षा असं लिहा:

'वापरलेला लॅपटॉप. झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढा पोचा, फोटो ४ पाहा. बॅटरीची क्षमता नव्याच्या ७१ टक्के. उजवीकडचा यूएसबी पोर्ट सैल आहे, पेन ड्राइव्ह हलला तर कनेक्शन तुटतं. चार्जर मूळ कंपनीचा नाही. कीबोर्ड, वेबकॅम, वायफाय, स्पीकर तपासले, चालू आहेत.'

दोष लिहिले की भाव थोडा पडतो, हे खरं. पण त्याच दोषावरून उघडलेली तक्रार मग उभी राहत नाही. बॅटरीचा आकडा अंदाजाने लिहू नका, पडद्यावरचा दाखवा. आयफोनमध्ये बॅटरी हेल्थ आहेच, आणि आयओएस १५.२ पासून सेटिंग्जमधल्या 'अबाउट'मध्ये बदललेले सुटे भागही दिसतात. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात मूळ आणि आजची क्षमता दोन्ही असतात. हार्ड डिस्क किंवा एसएसडी असेल तर 'स्मार्ट' (S.M.A.R.T.) अहवालाचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचा, स्क्रीनशॉट घ्या, त्यात ती किती तास चालली आहे हे कळतं. लेन्समधून टॉर्च मारून दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. धूळ असेल तर दिसू द्या.

सीरियल नंबर लिस्टिंगच्या जाहीर फोटोत टाकू नका, दुसराच कुणी तो वापरू शकतो. खाजगीत मात्र सगळे घ्या: खालच्या स्टिकरवरचा, आत सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा, रॅमच्या पट्टीवरचा. फोनवर *#०६# डायल केल्यावर येणारा १५ अंकी आयएमईआय आणि ट्रेवरचा किंवा खोक्यावरचा, दोन्ही एकाच फोटोत. ग्राफिक्स कार्ड असेल तर सर्किट बोर्डाच्या मागच्या बाजूचा फोटो हवाच, कारण कवच बदलता येतं, बोर्डावरचं बारकोडचं स्टिकर आणि सोल्डरिंगच्या खुणा तशाच्या तशा दुसरीकडे जुळत नाहीत. स्क्रूवर न काढता येणारे छोटे सील किंवा अतिनील प्रकाशात दिसणाऱ्या पेनची खूण करणारेही आहेत. मला सीलपेक्षा फोटो जास्त भरवशाचे वाटतात. सील तुटलं की घेणारा म्हणतो प्रवासात तुटलं.

पॅक करतानाही तोच न थांबणारा व्हिडिओ: चालू वस्तू, सीरियल, खोक्यात जाताना, टेप, लेबल, काट्यावर वजन. महाग वस्तूला सहीची पोच घ्या. अमेरिकेतल्या ईबे आणि पेपॅलवर ७५० डॉलर किंवा जास्त रकमेला ती नसेल तर 'पोचलंच नाही' या तक्रारीत संरक्षण मिळत नाही. पत्ता व्यवहारात नोंदवलेलाच ठेवा. 'मी गावाला आहे, भावाच्या पत्त्यावर पाठवा' म्हटलं तर ऑर्डर रद्द करून नव्या पत्त्यावर पुन्हा करायला सांगा. आणि आपलं खातं फोनमधून काढलंय ना ते पाठवण्याआधी बघा, नाहीतर पहिली तक्रार अगदी खरी येईल.

समोरासमोर विकत असाल तर यातलं बरंचसं लागत नाही. घेणाऱ्याला वस्तू चालवून बघू द्या, सीरियल नंबर आणि 'तपासून घेतली' असं लिहिलेल्या कागदावर दोघांच्या सह्या करा, आणि रक्कम खात्यात जमा झालेली स्वतःच्या ॲपमध्ये बघा. त्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका.

हे फोटो-व्हिडिओ किती दिवस ठेवायचे? सगळ्यात लांब मुदत पेपॅलची, १८० दिवसांची. त्यात थोडी भर घालून सात-आठ महिने एका फोल्डरमध्ये ठेवा, फोल्डरला ऑर्डर नंबरचं नाव द्या. त्यानंतर घेणाऱ्याचा पत्ता आणि फोन नंबर असलेली लेबलं त्यातून पुसून टाका.